ओल्या बाईचे कोरडे पाय

बहात्तरच्या दुष्काळात आमच्या तिसगावच्या भागात एक इंग्रजी भुताचा सिनेमा जवळजवळ प्रत्येक माणसाला तोंडपाठ होता. ज्या बायकांनी शाळेची पायरी पाहिली नव्हती त्याही एखादा प्रसंग मागेपुढे झाला की टोकत. सिनेमा प्रत्यक्ष पाहिलेला माणूस मात्र सगळ्या पंचक्रोशीत एकच होता, आमचा मामा. आणि त्यानेही तो भोकातून पाहिला होता.

मामा म्हणजे माझ्या आईचा धाकटा भाऊ. तरुणपणी तो नगरच्या कॅम्पातल्या एका थिएटरच्या कँटीनमध्ये होता. वर केबिनमध्ये मशीन चालवणाऱ्याला चहा नेऊन द्यायचा, त्याचा पिऊन होईपर्यंत थांबायचे आणि रिकामा ग्लास खाली आणायचा. मशीनशेजारी भिंतीत एक चौकोनी झरोका होता. त्याला डोळा लावून मामाने तो सिनेमा पाहिला. पिणारा हळू प्यायचा म्हणून बराचसा पाहिला. जो राहिला तो खाली ग्लास विसळताना त्याच्या लक्षात आला. इंग्रजी त्याला येत नव्हते, पण भूत अख्ख्या सिनेमात एक अक्षर बोलत नाही, तेव्हा मुख्य भाग कळायला मराठी माणसाला काही अडचण नाही, असे त्याचे म्हणणे.

गोष्ट तशी लहान. समुद्रातल्या खडकावर एक मनोरा, जहाजांना वाट दिसावी म्हणून वर मोठा दिवा, आणि दिव्याला एक राखणदार. वादळात बुडालेली एक बाई रोज मनोऱ्याच्या पायऱ्या चढून वर येते. केस सुटलेले, अंगावरून पाणी गळतेय. ती काही मागत नाही, कुणाला धरत नाही. दिव्यापाशी उभी राहते आणि निघून जाते. मागे पायऱ्यांवर ओल्या पावलांचे ठसे.

हे त्या मूळच्या देशात लोकांना भयंकर वाटले असेल. आमच्याकडे ते सांगितले गेले पाथर्डीच्या रस्त्याला, दुष्काळी कामावर, खडी फोडताना.

त्या वर्षीचे ऊन मी कुठे सांगितले तर लोक मला थापाड्या म्हणतात, म्हणून कमी करून सांगतो. झाडाची सावली दुपारी झाडाखालून उठून दुसरीकडे बसायला जायची. आई भाकरी थापून दगडावर टाकायची आणि उलटायला विसरली तर भाकरी करपायची. आमच्या चिमण्या पाणी प्यायला म्हणून नाशिककडे गेल्या त्या तिकडेच संसार थाटून बसल्या. अशा त्या उन्हात मामाने एकदा हातोडा खाली ठेवला आणि ओल्या पावलांपाशी गोष्ट आणली. सगळ्या टोळीचे हातोडे थांबले.

"किती वली हुती म्हनं पावलं?" एका बाईने विचारले.

"चांगली वली," मामा म्हणाला.

"म्हंजी नुसता डाग, का साचल्यालं?"

मामाने टोळीकडे पाहिले. मी तेव्हा नागापूरच्या एमआयडीसीत एका वर्कशॉपात लेथ चालवायचो, पण त्या दिवशी सुट्टीवर घरी आलो होतो आणि तिथेच उभा होतो, म्हणून सांगतो. मामाने त्या सगळ्या वाळलेल्या ओठांकडे पाहिले आणि म्हणाला, "साचल्यालं."

तिथून पुढे त्या बाईचे पाणी वाढतच गेले. पहिल्या आठवड्यात पावलापुरते होते. मग ओंजळभर झाले. शिमग्याच्या सुमाराला एका पायरीवर एक घागर भरू लागली, आणि राखणदार, जो मूळ सिनेमात भिऊन दार लावून घेत असे, तो आता मडकी घेऊन तिच्या मागे मागे फिरत होता. भीती कुणाला वाटेनाशी झाली. "आमच्या गल्लीतून एक चक्कर मारून जा म्हनावं तिला," असे बायका मामाला खरेच सांगायच्या, तो तिला ओळखतो अशा थाटात.

टोळीत बौद्धवाड्यातली एक म्हातारी होती. तिला सगळे आत्याबाई म्हणत. गोष्टीला हुंकार देण्याचे काम तिच्याकडे असे. हुंकार देणारे माणूस नसले तर आमच्याकडे गोष्ट सांगत नाहीत. सांगणारा थांबतो, समोरून "हं" येते, मग तो पुढे जातो. आत्याबाईचे वैशिष्ट्य असे की तिला पटले नाही तर ती हुंकार देत नसे. नुसती गप्प राहायची, आणि भलेभले सांगणारे त्या गप्पपणापुढे घामाघूम होऊन गोष्ट मागे घ्यायचे. ती आयुष्यात खोटे बोललेली नव्हती. त्यामुळे तिच्याशी कुणी फार बोलायला जात नसे.

घागरीपाशी गोष्ट आली तेव्हा आत्याबाईने हुंकार दिला नाही. तिने विचारले, "ते पानी भराया आमी आलो तर चालंल का?"

टोळी एकदम कामाला लागली. मामाने मात्र हातोडा उचलला नाही. "आत्याबाई," तो म्हणाला, "तिला पाटील कोन, कोन कुटला, ह्ये कळत न्हाई. बुडाल्याली बाई हाय ती."

"हं," आत्याबाई म्हणाली.

हे सगळे ज्या एका माणसाला सहन होत नव्हते ते माझे वडील. गावात त्यांना तात्या म्हणत. ते त्या सालभर आमची विहीर खोदत होते. दिवसा खडी आणि सकाळ-संध्याकाळ विहीर. सुरुंग त्यांनी लावले, दगड त्यांनी उपसला, आणि ते इतके खोल गेले की आई वरून भाकरी सोडायची ती खाली पोहोचेपर्यंत शिळी व्हायची. पाणी नाही. वर येऊन बघावे तर आपल्याच ओट्यावर आपला मेव्हणा एका भुताच्या हातून गावाला घागरी वाटतोय.

तरी ते गप्प होते. पुढच्या वर्षी पाऊस झाला, विहिरीला पाणी लागले, आणि पाणी बघायला आलेली एक शेजारीण विहिरीत डोकावून सहज म्हणाली, "अगं बया, वली बाई येऊन गेली वाटतं हितं."

त्या दिवसापासून वडील मामाशी बोलेनासे झाले. आईला म्हणाले, "सुरुंग म्या लावला. हात माझं सोलाटलं. आन नाव त्या भिजक्या बाईचं?"

"तुमाला कोन म्हनालं?" आई म्हणाली. "शेजारीन म्हनाली. भाऊ कुटं म्हनाला?"

"म्हनाया लावलं कुनी?"

त्याच हिवाळ्यात आमच्या वर्कशॉपच्या मालकांनी पुण्याहून टेलिव्हिजन आणला. मुंबईचा कार्यक्रम तेव्हा पुण्याकडच्या गडावरून पुढे फेकू लागले होते, आणि त्यातला थोडा सांडून नगरकडे येतो अशी मालकांची समजूत होती. तो झेलण्यासाठी त्यांनी वर्कशॉपच्या पत्र्यावर पाइपला पाइप वेल्डिंग करून अँटेना चढवली. वेल्डिंग मीच केले. ती अँटेना इतकी उंच होती की तिच्यावर बसायला निघालेला कावळा निम्म्या वाटेत एकदा विसावा घ्यायचा. मालक एक दिवस चहा पिताना म्हणाले, "शनिवारी संध्याकाळी एक नाटक दाखवणार आहेत. परदेशी सिनेमावरून नवीन केलंय, मराठीत. मनोऱ्यावरचं भूत आहे म्हणे, बुडालेल्या बाईचं."

पहिल्या सुट्टीत घरी जाऊन ओट्यावर सगळ्यांसमोर मी ही बातमी सांगितली.

मामाचा चेहरा उजळला. वडिलांचा त्याहून जास्त उजळला. कित्येक महिन्यांनी ते मेव्हण्याशी थेट बोलले.

"पाव्हणं, झ्याक झालं. आता सरकारच दाखवतंय म्हनल्यावर वांदाच न्हाई. आपुन समदी जाऊ. तिच्या पायाखाली पानी निघालं तर म्या तुमच्या म्होरं कान धरतो. आन पाय कोरडं निघालं, तर ही गोष्ट माज्या वट्यावर पुन्यांदा हुनार न्हाई. ही बी न्हाई आन दुसरी बी न्हाई."

"तुमाला दुसरा धंदा न्हाई का?" आई म्हणाली.

"मंजूर, दाजी," मामा म्हणाला.

बायको गेल्यापासून मामा आमच्याकडेच राहत होता. शेत नाही, मूलबाळ नाही. दिवसभर मिळेल ते काम करायचा आणि दिवे लागले की त्या ओट्यावर बसायचा. तिथे बसला की लोक जमायचे आणि दिवसभर ज्याला कुणी हाक मारत नसे त्याला "सांगा की" म्हणायचे. त्याच्याकडे गावात एवढी एकच जागा होती. ती त्याने हसत हसत पणाला लावली, कारण पाणी आपण पाहिले याबद्दल त्याच्या मनात आता तिळभर शंका उरली नव्हती.

शनिवारी नगरला कांदा घेऊन जाणाऱ्या ट्रकमध्ये कांद्यांवर बसून सगळी टोळी नागापूरला आली. मालकांनी माझ्या घरच्या माणसांना बोलावले होते. वर्कशॉपला लागूनच असलेल्या त्यांच्या दिवाणखान्यात, व्हरांड्यात आणि खिडकीच्या गजांना धरून एवढी माणसे बसली की भिंती बाहेरच्या बाजूला थोड्या फुगल्या. मालक भले गृहस्थ. त्यांनी चहा ठेवायला सांगितला आणि टेलिव्हिजनची पेटी लावली.

आधी एक बाई आली आणि पुढचा कार्यक्रम काय आहे ते सांगू लागली. आत्याबाई अगदी पुढे बसली होती. पहिले वाक्य संपले तशी ती म्हणाली, "हं."

ती बाई थांबली नाही.

"हं," आत्याबाईने पुन्हा, जरा मोठ्याने दिले. बाई बोलतच राहिली. आत्याबाई मागे वळून म्हणाली, "हिला घाई हाय व्हय? हुंकार तरी घे म्हनावं."

मग नाटक सुरू झाले. मनोरा आला. तो कापडावर रंगवलेला होता आणि राखणदार जिना चढताना त्याला हात लागला की सगळा मनोरा हलायचा. राखणदार पुण्याचा असावा. पायऱ्यांवर चाहूल लागताच त्याने खाली वाकून विचारले, "अहो, कोण आहे तिकडे?"

"भुताला अहो?" मागून कुणीतरी म्हणाले.

"बायको आसंल त्येची," दुसरे म्हणाले.

एवढ्यात ती आली. पांढरे लुगडे, सुटलेले केस, मान थोडी वाकडी. सगळी टोळी बसल्या जागी पुढे सरकली. ज्या बाईच्या नावावर आम्ही एक दुष्काळ काढला ती समोर उभी होती. मामाच्या डोळ्यांत पाणी आले. तो हळूच म्हणाला, "हीच. हीच ती."

पण पडद्याचा खालचा भाग नुसता वर सरकत होता. बाई कमरेपर्यंत स्पष्ट आणि कमरेखाली पट्टेच पट्टे.

"पाय दाखवा," वडील म्हणाले.

मालकांनी मागची बटणे फिरवली. बाई बारीक झाली, जाड झाली, पाय काही येईनात.

"अँटेना थोडी फिरवावी लागेल," मालक म्हणाले. "वर कुणीतरी..."

मी उठलो तर वडिलांनी मला खाली बसवले. "तू मामाचा लाडका. म्या जातो." आणि धोतराचा काचा मारून ते शिडीने पत्र्यावर चढले.

वरून त्यांनी पाइप धरला आणि खाली चमत्कार झाला. चित्र लख्ख झाले. नुसते लख्ख नाही, राखणदाराच्या कोटाचे तुटलेले बटण दिसू लागले. वडिलांनी हात काढला की चित्र जायचे, हात लावला की यायचे. दोनदा तसे झाले तेव्हा मालक खिडकीतून ओरडले, "तात्या, पाइप सोडू नका! तुम्ही धरलंय म्हणून दिसतंय!"

"बरं!" वरून आवाज आला.

म्हणजे ज्या माणसाला पाय बघायचे होते तो पत्र्यावर अँटेनाला धरून उभा राहिला, आणि त्याच्या अंगातून आम्हाला पाय दिसू लागले.

पाय कोरडे होते.

कोरडे म्हणजे असे की त्यांच्याखालच्या फरशीवरची धूळसुद्धा जागची हलली नव्हती. बाईने कुठे उभे राहायचे ते कळावे म्हणून तिथे खडूने फुली मारलेली होती, आणि ती फुली न पुसता बाई तिच्यावर उभी होती. पदराच्या टोकाला थेंब नाही. चालली तर फरशीवर ठसा नाही.

मी मामाकडे पाहिले. त्याने टोपी काढून गुडघ्यावर ठेवली होती आणि तो त्या फुलीकडे बघत होता. त्याने खरेच पाणी पाहिले होते. त्या झरोक्यातून नसेल, पण रस्त्याच्या कडेला, टोळीच्या मध्ये बसून त्याने ते रोज पाहिले होते, आणि आता त्याच्याच डोळ्यांविरुद्ध कुणीतरी परगावाहून खोटी साक्ष देत होते. आईने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तो तिला म्हणाला, "ताई, पानी हुतं गं."

वरून हाक आली. "पाय आलं का?"

"आले!" मालक म्हणाले.

"पानी हाय का?"

मालक तोंड उघडणार तेवढ्यात आईने त्यांच्या हातात चहाची कपबशी दिली. "मालक, च्या घ्या. गार हुतोय." ते कप सावरू लागले.

"आरं, कुनी बोलंल का न्हाई? पानी हाय का?"

टोळीत जो तो खोटे बोलायला तयार होता. मला ते माणसांच्या तोंडांवर दिसत होते. एका बाईने "हाय, घागरभर" म्हणण्यासाठी श्वासही घेतला. पण पुढे आत्याबाई बसली होती, आणि तिच्या देखत खोटे बोलायचे म्हणजे ती मान वळवून बघणार, ते कुणाला पेलणारे नव्हते. बाईने घेतलेला श्वास तसाच सोडला.

वडिलांच्या ते लक्षात आले असावे. ते वरून म्हणाले, "दुसऱ्या कुनी सांगू नगा. आत्याबाई, तुमी सांगा. तुमी खोटं बोलनार न्हाई. तुमी म्हनाल ते खरं."

आता सगळे आत्याबाईकडे बघू लागले. ती पडद्याकडे बघत होती. पडद्यावरची बाई फुलीवर उभी राहून रडत होती आणि ते रडणेही कोरडेच होते. आत्याबाईने पदराने तोंड पुसले. ती मामाकडे वळली आणि त्याच्या गुडघ्यावरच्या टोपीकडे तिने बराच वेळ पाहिले. मग उठून खिडकीशी गेली.

"तात्या," ती वर तोंड करून म्हणाली, "एवढा इस्वास टाकलाय तर सांगते. दुसऱ्याच्या तोंडचं ऐकून न्याव करू नगा. खाली या. सोता बघा."

"चित्र जाईल!" मालक घाईने म्हणाले. "त्यांनी हात सोडला की..."

"तुमी च्या प्या, मालक," आत्याबाई म्हणाली.

वरून वडिलांनी थोडा विचार केला असावा. मग पत्रा वाजला आणि शिडी करकरली. वडिलांचे पाऊल पत्र्यावरून शिडीवर आले त्या क्षणी मनोरा गेला, राखणदार गेला, ती फुली गेली आणि बाईही गेली. काचेवर वरपासून खालपर्यंत पांढरे थेंब कोसळू लागले. आवाजही तसाच, खर्रर्र, न थांबणारा.

वडील दारात येऊन उभे राहिले. पाइप धरून त्यांचे तळवे लाल झाले होते. समोर बघून ते जागीच थबकले.

"ह्ये काय?" ते म्हणाले.

मालक बोलणार होते, पण आईने त्यांना बिस्कीट दिले.

"आत्याबाई, ह्ये काय हाय?"

"तुमच्या डोळ्यांम्होरं हाय, तात्या," आत्याबाई म्हणाली. "म्या काय सांगू?"

वडील पुढे आले. माणसांतून वाट काढत ते पेटीपाशी जाऊन उकिडवे बसले. ज्या तऱ्हेने ते विहिरीच्या काठावर वाकून तासन्‌तास तळाकडे बघायचे तसे ते काचेत बघू लागले. पांढरे पाणी त्यांच्या तोंडावर चमकत होते. सबंध दुष्काळात आमच्या शिवारात एवढा पाऊस पडला नव्हता. त्यांनी बोट काचेला लावून पाहिले आणि बोटाकडे पाहिले. मग मागे वळले.

"पाव्हणं," ते म्हणाले, "तुमी घागर म्हनाला हुता."

मामाने मान खाली घातली. "व्हय, दाजी."

"ह्येला घागर म्हंत्यात?" वडिलांचा आवाज चढला. "आवो, ही बाई न्हाई, ह्ये धरन फुटलंय! एवढं डोळ्यांनी बघून तुमी गावाला घागरभर सांगितलं? किती कमी सांगावं मान्सानं!" आणि सगळ्यांसमोर त्यांनी आपले दोन्ही कान धरले.

मामाने टोपी डोक्यावर घातली. तेवढीच त्याला उसंत मिळाली, कारण परतीच्या ट्रकमध्ये वडिलांनी कुणाला बोलू दिले नाही. मनोऱ्याच्या पायऱ्यांवरून पाणी कसे धडधडत येते ते त्यांनी नागापूरपासून तिसगावपर्यंत सांगितले. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ओट्यावर गर्दी जमली तेव्हा ते मामाच्या शेजारी, त्याच पोत्यावर, मांडी घालून बसले. मामाने नेहमीप्रमाणे सुरुवात केली आणि पहिल्या पायरीवर पावलाचा ठसा ठेवला तर वडील म्हणाले, "ठसा? आवं, गुडघ्याएवढं म्हना. म्या बघून आलोय."

पुढे आठवड्याच्या बाजाराला शेवगावला गेले तर तिथेही वडीलच सांगायचे. त्यांच्या सांगण्यात राखणदार होडीतून दिव्यापर्यंत जायचा. एकदा तर सबंध समुद्रच त्यांनी मनोऱ्यात आणला आणि लोकांनी विचारले, मग बाहेर काय उरले?

मामा शेजारी बसून त्यांचे धोतर ओढायचा. "दाजी," तो हळूच म्हणायचा, "एवढं नव्हतं."

"तुमी गप बसा," वडील म्हणायचे. "तुमी भोकातून बघितलंय."